न कापलेली पानं

सत्त्याण्णव पानानंतर पुस्तक उघडेना. धम्मानंदांना आधी वाटलं, दोष आपल्याच बोटांचा. बहात्तराव्या वर्षी बोटांच्या शेंड्यांची कातडी गुळगुळीत होते, कागद निसटतो. त्यांनी बोट जिभेला लावलं. तेहेतीस वर्षं वाचकांना जे करू नका म्हणून सांगितलं होतं तेच केलं, आणि कड पुन्हा चाळवली. पान हललं नाही. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पुस्तक डोळ्यांशी आणलं. अठ्ठ्याण्णव ते एकशे अकरा ही पानं वरून आणि बाजूनं एकमेकांना जोडलेली होती. छापखान्यात मोठ्या कागदाच्या घड्या घालून सोळा पानांचा फर्मा करतात, शिवतात, आणि शेवटी कडा कापतात. कापताना हा एक फर्मा आत दबून राहिला असणार. होतं असं कधी कधी. त्यांनी पुस्तक उलटं केलं. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी होती आणि तिच्यावर अकरा शिक्के होते. अकरा जणांनी हे पुस्तक घरी नेलं होतं, अकरा जणांनी परत आणलं होतं, आणि अठ्ठ्याण्णवावं पान एकानंही पाहिलं नव्हतं. हॉलमध्ये कूलरचा घरघराट चालू होता, ओल्या वाळ्याचा वास येत होता, आणि धम्मानंद ते शिक्के पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. पुस्तक त्यांचंच होतं. त्यांनीच लिहिलेलं.

एरवी ते आपल्या पुस्तकाला हात लावत नसत. धंतोलीच्या मागच्या गल्लीतल्या या वाचनालयात ते रोज सकाळी दहाला येत, फळ्यासमोरची खुर्ची पकडत, आणि वर्तमानपत्र तोंडासमोर उभं धरून त्याच्या कडेवरून पाहत बसत. फळ्यावर लिहिलेलं असे : ‘ग्रंथपाल सुचवतात – नव्या कादंबऱ्या’. खाली पाच नावं, आणि फळ्याखालच्या फळीवर ती पाच पुस्तकं उभी. पाच नावांतलं चौथं त्यांचं. कोणी फळीपाशी आलं की धम्मानंदांच्या हातातलं वर्तमानपत्र किंचित खाली येई. आलेला माणूस पहिलं पुस्तक उचली, दुसरं उचली, कधी चौथ्यावरून बोट फिरवून पुढे जाई. तेवढ्यावर त्यांचा दिवस निघे. निवृत्त माणसाचा दिवस निघायला काय लागतं? ‘चालले का जी पहारा द्यायला?’ कौसल्याबाई जिन्यातून विचारत. ‘पुस्तक काय पळून चाललं आहे का तुमचं?’ पत्नीला उत्तर देण्याचा एक काळ असतो, तो त्यांच्या बाबतीत कधी आलाच नाही. आज हॉल रिकामा होता. ग्रंथपाल मेघा काउंटरवर मान खाली घालून मोबाइल पाहत होती. म्हणून त्यांनी धाडस केलं होतं. फक्त आपलं एक पान आपणच कोणाच्या तरी नजरेनं वाचून पाहावं म्हणून.

हा फळाही त्यांचाच. ते इथले ग्रंथपाल असताना त्यांनीच तो सुरू केला. महिन्याला पाच नव्या कादंबऱ्या, प्रत्येकीखाली खडूनं दोन ओळी. नियम एकच, आपण वाचल्याशिवाय सुचवायचं नाही. पहिलं वर्ष त्यांनी तो पाळला. मग महिन्याला पाच कुठून वाचणार, म्हणून दोन वाचायचे आणि उरलेल्या तिन्हींच्या मलपृष्ठावरचा मजकूर थोडा इकडचा तिकडे करून लिहायचे. पुढे पाचही मलपृष्ठावरूनच. वाचक विश्वासानं न्यायचे. ‘साहेब, तुम्ही सांगितलेली कादंबरी छान होती,’ असं कोणी म्हणालं की ते खाली पाहून हसत, आणि त्या हसण्याला लोक विनय समजत. आता फळ्यावर त्यांच्या पुस्तकाखाली मेघानं लिहिलं होतं, ‘सामान्य माणसाच्या मनातील अपराधभावाचा संयत शोध.’ पहिल्या दिवशी हे वाचून त्यांचे डोळे भरून आले होते. घरी जाईपर्यंत आठवलं की ही ओळ आपलीच. प्रकाशकानं मलपृष्ठाचा मजकूर मागितला तेव्हा चार दिवस खोडाखोड करून आपणच ती लिहिली होती. तरी त्यांनी मनाची समजूत घातली होती. पोरगी भिडस्त आहे, स्वतःचे शब्द वापरायला भीत असेल, वाचलं नक्की असेल. आपल्यासारख्या भिडस्त माणसाला जग भिडस्त वाटतं. सोयीचं असतं ते.

आता अकरा शिक्के आणि चौदा बंद पानं समोर घेऊन बसल्यावर ती समजूत टिकेना. आणि नेमकी हीच चौदा. दोनशे चाळीस पानांच्या पुस्तकात दुसरा कुठलाही फर्मा चुकला असता तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. बाकीचं पुस्तक म्हणजे, खरं सांगायचं तर, भराव होता. बालपण, इंदोऱ्यातली गल्ली, तीन वर्षांचा असताना पांढऱ्या कपड्यांतल्या बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेली छप्पन सालची ती अफाट गर्दी, नोकरी, लग्न. चांगलं लिहिलं होतं की वाईट, त्यांना कधी ठरवता आलं नाही. पण नववं प्रकरण त्यांनी सहा वर्षं लिहिलं होतं. ते लिहिता यावं म्हणून बाकीचं लिहिलं होतं. आणि ते अठ्ठ्याण्णवाव्या पानावर सुरू होऊन एकशे अकराव्यावर संपत होतं. बाकीच्या प्रती बऱ्या निघाल्या असतील. पण त्या घरी पलंगाखाली होत्या, नाहीतर नातेवाइकांच्या शोकेसमध्ये. वाचनालयाला त्यांनी ही एकच दिली होती. देताना उघडूनही पाहिली नव्हती. मेघाच्या समोर स्वतःचं पुस्तक चाळून बघायची लाज वाटली होती. आयुष्य ग्रंथालयात गेलेल्या माणसानं नवं पुस्तक न तपासता दाखल करू दिलं. पण तपासणं हे त्यांचं काम कधी नव्हतंच. ते रुपरावचं काम होतं.

रुपराव शिपाई होता. भिवापूरकडचा, घरी थोडी शेती, मिरचीच्या दिवसांत गावाहून आला की त्याच्या कपड्यांना ठसका असायचा आणि पूर्ण वाचनालय शिंकायचं. नव्या पुस्तकांचा गठ्ठा सुटला की तो जमिनीवर मांडी घालून बसे, बांबूची एक गुळगुळीत चिपाटी हातात घेई, आणि एकेक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळी. कुठे जोडलेलं पान लागलं की चिपाटी आत घालून सर्रकन ओढी. कागदाला तंतू सुटत नसे. ‘वाचन्याच्या आंधी पुस्तकाचे कान टोचाव लागते गा,’ असं म्हणे. त्यातला किती मजकूर त्याच्या डोक्यात जाई कोण जाणे, पण कुठली कादंबरी कोणाला आवडेल हे तो धम्मानंदांपेक्षा अचूक सांगे. धम्मानंद फळ्यावर लिहीत. पण काउंटरवर उभ्या बायका हळूच त्यालाच विचारत.

चौऱ्याण्णव साली पुस्तकांची मोजणी झाली आणि त्रेचाळीस कादंबऱ्या सापडेनात. सगळ्या नव्या. त्या कुठे आहेत हे धम्मानंदांना माहीत होतं. कार्यवाह मधुकरराव यांच्या घरी, कपाटात. दर पंधरवड्याला त्यांचा निरोप येई, ‘दोनचार चांगली पाहून पाठवा,’ आणि धम्मानंद स्वतःच्या हातानं वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून, नोंद न करता पाठवत. नोंद करू का, असं विचारायचं त्यांच्या मनात पहिल्या वेळी आलं होतं. विचारलं नाही. मग विचारायची वेळ निघून गेली. गठ्ठा नेऊन पोचवायचा रुपराव. नेणाऱ्याला लोकांनी पाहिलं होतं. त्यानं आपलं म्हणणं सांगितलं, की मी तर कार्यवाहांच्याच घरी देत होतो. ऐकून मधुकरराव नुसते हसले. कमिटी बसली. आठ माणसं, चहा, आणि मधुकररावांनीच मृदू आवाजात विचारलं, ‘ग्रंथपालांना काही कल्पना आहे का या गठ्ठ्यांची?’ रुपराव दाराशी उभा होता. त्यानं धम्मानंदांकडे पाहिलं. घाबरून नाही, निवांतपणे. आता हे सांगतील, आणि मग आपण चहाचे कप उचलू, अशा नजरेनं. धम्मानंदांनी समोरच्या रजिस्टरकडे पाहिलं आणि मान आडवी हलवली. एवढंच. शब्दही खर्च केला नाही. त्या आठ जणांत, त्या इमारतीत, आपल्या वस्तीतला आपण एकटाच नोकरीला आहोत, कौसल्या आजारी आहे, ही सगळी कारणं नंतर रचलेली. मान हलली तेव्हा डोक्यात एकही कारण नव्हतं. बाप रोज सकाळी पंचशील म्हणवून घ्यायचा. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मान हलवणं हे बोलणं होतं का, असाही एक वकिली प्रश्न ते कित्येक वर्षं स्वतःला विचारत राहिले. त्याचं उत्तर म्हणजे ती चौदा पानं.

नोकरी गेल्यावर रुपराव पुढे हिंगण्याच्या एका कंपनीत लोडिंगवर लागला. कंपनीच्या बसनं जाई-येई. मुलाचं शिक्षण बारावीत सुटलं, एवढं कानावर आलं. मधुकरराव वारले, त्यांचा हार घातलेला फोटो आता फळ्याच्या वरच लटकत होता. आणि चारेक वर्षांपूर्वी रुपराव पुन्हा वाचनालयात येऊ लागला, म्हाताऱ्यांच्या बाकावर बसायला. धम्मानंदांशी पहिल्यासारखा बोले. ते पहिल्यासारखं बोलणंच सहन होत नसे. पुस्तक छापून आलं तेव्हा एक प्रत नेऊन त्याच्या हातात द्यावी असं धम्मानंदांनी तीनदा ठरवलं. तीनदा पिशवीतून परत नेली. मग वाचनालयाला भेट दिली. पुस्तकानं आपली वाट आपण शोधावी. आणि ऑगस्टमध्ये मेघा म्हणाली, ‘सर, रुपरावकाकांनी नेलं तुमचं पुस्तक.’ पंधरा दिवस धम्मानंदांना अन्न गोड लागलं नाही. सोळाव्या दिवशी फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर रुपरावनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘तुह्यं पुस्तक वाचलं गा. चांगलं लिवलं.’ बस. त्या हाताचं वजन धम्मानंद गेले आठ महिने खांद्यावर वागवत होते. त्यानं वाचलं. त्याला सगळं कळलं, आणि तरी हात ठेवला. आयुष्यात आपल्याला क्षमा मिळाली असा त्यांचा हिशोब पूर्ण झाला होता. जेवण जात होतं. कौसल्याबाईंनीही एकदा म्हटलं होतं, ‘अलीकडे बरे दिसून राहिले तुम्ही.’

ते काउंटरपाशी गेले. ‘मेघा, हे शिक्के...’

‘कोणते, सर?’ तिनं पाहिलं आणि ती हसली. ‘अरे, ते! मार्चमध्ये तपासणी होती ना. नव्या पुस्तकांची देवघेव दाखवावी लागते. तुम्हीच तर शिकवलं होतं. दोन पॅड ठेवायचे, एक सुकलेलं, एक ओलं. सगळे शिक्के एका रंगाचे दिसले तर पकडले जातो.’

‘हो. मीच.’ ते म्हणाले. हेही आठवलं की पुस्तकं कोणती निवडायची, तेही आपणच सांगितलं होतं. जी कोणी मागायला येणार नाही अशी. ‘यातले खरे किती?’

‘दोन-तीन असतील, सर. रुपरावकाकांचं खरं आहे. एक मी नेलं होतं.’

‘वाचलंस?’

‘सुरुवात केली होती,’ मेघा म्हणाली. ‘चांगलं आहे, सर. एकदम फ्लो आहे. पण घरी टाइमच नाही भेटत. तुम्हाला राग तर नाही ना आला? तुमचं नाव फळ्यावर राहावं म्हणून मी दर महिन्याला बाकीची चार बदलते, तुमचं नाही बदलत.’

राग येण्यासाठी जे काही लागतं ते त्यांच्यापाशी नव्हतं. ते खुर्चीत परत येऊन बसले. एवढ्यात बाहेर स्कूटी थांबली. ‘बाबा, अकराले येतो मी, इथंच बसजा,’ असा सुनेचा, कामिनीचा, आवाज आला, आणि रुपराव भिंतीला हात लावत आत आला. बऱ्याच महिन्यांनी आला होता, गेल्या वर्षीपेक्षा वाळला होता. काळा चष्मा, पांढरा शर्ट, कॉलरपर्यंत बटणं लावलेली.

‘कोन हाय? धम्मानंदभाऊ काय?’

‘मीच. बस.’

‘कूलरच्या अंगानं बसतो गा. काय वाचून राहिला?’

धम्मानंदांनी पुस्तक मिटून हातात धरलं. मग स्वतःलाच जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, ‘माझंच. रुपराव, तू खरं वाचलं होतं का हे?’

रुपराव खुदकन हसला. ‘आता काय सांगू तुले. मोतीबिंदू दोन्ही डोयात. ऑपरेशन पुढच्या महिन्यात हाय. घरी नेलं, उशाले ठेवलं, वास घेतला, परत आनलं. सुनेले टाइम नाही. तुह्यं मन कायले मोडा, म्हनून म्हनलं वाचलं. वाईट वाटलं काय?’

‘नाही.’

‘मंग तूच वाचून दाखव ना. बसलोच हाव तासभर. कुठूनबी वाच. आपल्या वाचनालयाचं हाय म्हनते ना त्यात?’

आता पळता येणार नव्हतं. किंवा पळायची गरज नव्हती. हेच तर हवं होतं. सहा वर्षं लिहिलेलं, ज्याच्यासाठी लिहिलं त्याला, त्याच्याच समोर बसून. धम्मानंदांनी आठव्या प्रकरणापासून सुरुवात केली. पुस्तकातला ग्रंथपाल, पुस्तकातला शिपाई, मिरचीचा ठसका, शिंका. रुपराव मान डोलावत ऐकत होता. ‘हे बरोबर धरलं गा,’ मध्येच म्हणाला. मोजणी आली. त्रेचाळीस पुस्तकं आली. रुपरावची मान डोलायची थांबली. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. धम्मानंदांनी सत्त्याण्णवाव्या पानावरची शेवटची ओळ वाचली, ‘चौकशीसाठी सोमवारचा दिवस ठरला.’ पुढे पान बंद होतं. फाडायचं असतं तर बोटानंही फाडता आलं असतं. त्यांनी त्या कडेवर अंगठा ठेवला. रुपरावचा चेहरा त्यांच्याकडे वळलेला होता, चष्म्यामागे काही दिसत नव्हतं, पण तो तसाच होता, दाराशी उभा राहून पाहिलं होतं तसा. निवांत. धम्मानंदांनी सगळी चौदा पानं एकदम उलटली आणि एकशे बाराव्या पानावरून वाचायला लागले. ‘दसऱ्यानंतर वाचनालयात नवा शिपाई आला. तो अबोल होता.’

पुढे अर्धं पान वाचून ते थांबले. जोडणी कुठेही कळत नव्हती. चौकशीचा दिवस ठरला, आणि नवा शिपाई आला. मधलं सगळं नसतं तरी पुस्तकाचं काही अडलं नसतं. सहा वर्षं.

‘अन् जुना कोठी गेला?’ रुपरावनं विचारलं.

‘ते... ते लिहिलेलं नाही.’

‘बरं केलं.’ रुपराव म्हणाला. ‘असंच होते. नवा येते, जुना जाते. कोन इचारते?’ मग त्यानं हात पुढे केला. ‘दे बरं इकडे.’

धम्मानंदांनी पुस्तक दिलं. रुपरावनं ते मांडीवर ठेवलं, वरच्या कडेवरून अंगठा सावकाश फिरवत नेला. अंगठा मध्ये एका जागी थांबला, मागे आला, पुन्हा तिथंच थांबला.

‘तू वाचून राहिला होता तवा पान उलटाचा आवाज बारीक येत होता,’ तो म्हणाला. ‘मंग एकदम जाड आवाज आला. मले वाटलं पुठ्ठा उलटला. जोडून हायेत हे. किती हायेत?’

‘चौदा.’

‘माह्या वेळेस असं पुस्तक भायेर जात नव्हतं.’ त्यानं पुस्तकाची कड पुन्हा चाचपली. ‘माही चिपाटी असन पाहा त्या टेबलाच्या खनात. कोन फेकते तिले.’

टेबलाचा खण धम्मानंदांनी उघडला. सुकलेलं पॅड, खडूचे तुकडे, लोण्यासारखी गुळगुळीत झालेली ती बांबूची चिपाटी. टोकाला वाळलेली खळ लागलेली होती. लेबलं चिकटवायला वापरत असणार. त्यांनी ती हातात घेतली.

‘काप,’ रुपराव म्हणाला. ‘मी बसतो.’

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, नुसती हवा येत होती. धम्मानंद चिपाटी धरून उभे राहिले. ‘फाटेल, रुपराव,’ ते म्हणाले. ‘माझा हात कापतो अलीकडे.’

‘नाही फाटत. सतरा वर्षांत माह्या हातून एक पान नाही फाटलं.’ त्याचा आवाज मऊ होता. तो वाट पाहत होता. किती वेळ, हे धम्मानंदांना नंतर सांगता आलं नसतं. मग बाहेर हॉर्न वाजला. ‘बाबा!’ रुपराव गुडघ्यांवर हात देऊन उठला. पुस्तक त्यानं टेबलावर ठेवलं, चाचपून, कडा टेबलाच्या कडेला नीट समांतर. जाताना या वेळी त्यानं खांद्यावर हात ठेवला नाही. कदाचित खांदा कुठे आहे ते दिसलं नसेल.

‘सर, रुपरावकाकांना वाचून दाखवलं ना तुम्ही?’ मेघा काउंटरवरून म्हणाली. ‘मग आजची एन्ट्री खरी. मारते मी शिक्का.’ तिनं पुस्तक उचललं. बारावा शिक्का, ओल्या पॅडचा, गडद जांभळा. ‘पूर्ण झालं का वाचून?’

धम्मानंदांनी मान हलवली. या वेळी उभी.

मेघानं पुस्तक फळ्याखाली जागच्या जागी नेऊन ठेवलं.

ते बाहेर आले. ऊन चढलं होतं, डांबर मऊ झालं होतं. बसथांब्यापाशी पोचल्यावर तिकिटासाठी सुटे पैसे काढायला त्यांनी वरच्या खिशात बोटं घातली, आणि बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. चिपाटी. वाचनालयाची वस्तू, नोंद न करता त्यांच्याबरोबर बाहेर आली होती. त्यांनी मागे पाहिलं. गल्ली रिकामी होती, वाचनालयाचं फाटक इथूनही दिसत होतं, चालत गेलं तर पाच मिनिटं. पुढच्या मोजणीत ही कोणाला आठवणार नाही. आठवली तरी कोणी त्यांना विचारणार नाही. त्यांना कधीच कोणी विचारलं नव्हतं, एकदा सोडून. बस आली. ते चढले, खिडकीपाशी बसले, आणि घर येईपर्यंत खिसा वरून दाबून धरून राहिले.